शेऱ्याची चौकट

निरोपाचं भाषण मी दोन तासांत लिहिलं. याद्या, किल्ल्या, कपाटं, सह्या हे सगळं आठवडाभरात आटोपलं. अडले ते शेवटच्या वर्गाच्या शेऱ्यांपाशी, तब्बल तीन आठवडे. आठवलं की अजून डोकं तापतं. मुख्याध्यापकपद सोडताना कुणाला याच कामातून जावं लागणार असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

वर्गात ९६ मुलं. शाळा सोडताना प्रत्येकाच्या अहवालात मुख्याध्यापकांचा शेरा जातो. आजवर वर्गशिक्षक मसुदा द्यायचे आणि मी सही करायचे. यंदा ही मुलंही जाणार होती आणि मीही, म्हणून ठरवलं की एकूण एक शेरा आपण स्वतः लिहायचा.

आणि मग शेरे भरायची ती ऑनलाइन चौकट. 'उत्तम', 'चांगला', 'समाधानकारक', 'सुधारणेस वाव', यांतलं एक निवडा. खाली 'इतर', तिथे १२० अक्षरांची मर्यादा. मी एक साधं वाक्य लिहायला घेतलं तर चौकट लाल झाली. बोटाने अक्षरं मोजली, तर साठही भरेनात. दोन दिवस वाटत राहिलं की माझंच काहीतरी चुकतंय. शेवटी संगणकाच्या सरांनी उलगडा केला. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'विद्यार्थी' हा डोळ्यांना तीन अक्षरी शब्द, चौकटीच्या हिशेबाने तो दहा अक्षरांचा! मराठीत लिहिणाऱ्याची जागा निम्म्याने कापली जाते, हे ती चौकट बनवणाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नसेल?

मदतकक्षाला लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, 'कृपया यादीतील पर्याय निवडावा.' उदाहरणासकट पुन्हा लिहिलं, तर तेच उत्तर शब्दशः परत आलं. त्यातच एका संध्याकाळी, कुणीतरी भेटायला आलं म्हणून उठले आणि परतले तर पान आपोआप बंद झालेलं. अकरा शेरे गेले. त्या दिवशी मी दार लावून रडले. शेऱ्यांसाठी नाही. त्या अकरा मुलांबद्दल जे सुचलं होतं ते तसंच पुन्हा सुचणार नव्हतं, म्हणून. तेव्हा आधी वहीत लिहा. चौकटीत थेट काहीही लिहू नका.

वही घेतली आणि खरी अडचण तिथे कळली. वीस शेरे झाल्यावर वाचून पाहिले. पहिल्या नंबराच्या मुलीला मी 'नेतृत्वगुण' लिहिले होते. तिला कशाचंही नेतृत्व करताना मी कधी पाहिलं होतं? एकदाही नाही. मार्क चांगले म्हणून बाकी सगळं चांगलं. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांसाठी वेगवेगळे गुण देत, पण एकात वर असलेला माणूस बाकी सगळ्यांतही वर चढवला जाई. एका गुणाचं तेज बाकीच्यांवर पडतं. बी.एड.ला हे पाठ केलं होतं. स्वतःच्या अक्षरात पाहिलं आणि लाज वाटली. मार्कांची यादी कपाटात टाकून कुलूप लावलं.

हजेरीच्या क्रमानेही लिहू नका. पहिल्यांना सहा ओळी मिळतात आणि शेवटच्यांना थकलेल्या दोन. मी उलटीकडून पुन्हा सुरुवात केली.

चौदा नावांपुढची जागा मात्र कोरीच राहिली. चेहरे आठवत होते, आणखी काही नाही. ना कधी तक्रार, ना बक्षीस. ही मुलं माझ्या शाळेत इतकी वर्षं होती आणि माझ्याकडे त्यांच्यासाठी एक वाक्य नव्हतं. मग ते कोरे कागद घेऊन मी फिरले. ग्रंथपालांकडे गेले, खेळाच्या सरांकडे, शिपाईमामांकडे. प्रयोगशाळा सहायकांनी एका मुलाचं नाव ऐकताच फुटतुटीची वही काढली. 'एक परीक्षानळी फुटली.' 'एक चंचुपात्र, कड तुटली.' दोन वर्षांच्या नोंदी, सगळ्या एकाच बारीक अक्षरात. "त्याने स्वतः काहीच फोडलं नाही, मॅडम," ते म्हणाले. "दुसऱ्यांचं तोच लिहून ठेवायचा. नाव मात्र कुणाचंच नाही लिहिलं." मी तिथेच स्टुलावर बसून त्याचा शेरा लिहिला. असं विचारत फिरणं जूनपासूनच करायला हवं होतं, शेवटच्या महिन्यात नाही.

मदतकक्षाकडून शेवटपर्यंत काही हललं नाही. मुदतीच्या आदल्या रात्री मी सर्व ९६ जणांपुढे 'उत्तम' निवडलं आणि पान बंद केलं. खरे शेरे शाळेच्या कागदावर हाताने उतरवले, खाली सही-शिक्का. मुलांना वाटले तेही निकालाच्या चार दिवस आधी. रूथ बटलर या संशोधिकेच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता अभिप्राय मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली होती. गुण आणि अभिप्राय एकत्र मिळालेल्यांत तो फायदा दिसला नाही. आकडा आला की डोळे तिथेच जातात, हे मी शाळेत रोज पाहिलंय. कागद हातात पडल्यावर वर्गात जी शांतता पसरली, तशी मी इतक्या वर्षांत ऐकली नव्हती. याचा मला अभिमान आहे.

तो मुलगा सगळे गेल्यावर टेबलापाशी आला. कागदाची घडी चार वेळा घातलेली.

"मॅडम, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी नाव सांगितलं. त्याने मान हलवली, दप्तर बाकावर ठेवलं आणि जिन्याने वर प्रयोगशाळेकडे गेला.