परत किती वाजता?

"आणि परत कधी येणार?" हॉटेलच्या काउंटरवरच्या काकांनी माझ्या भाच्याचा सहलीचा कागद वाचून एवढंच विचारलं.

कागद मात्र देखणा होता हं. रोज एक दिशा, निघायच्या वेळा, मधले थांबे, सगळं रंगीत पेनांनी. परतीची वेळ एकाही दिवसापुढे नाही.

"सगळं साठ किलोमीटरच्या आतच आहे, काका."

काकांनी पेन मागून घेतलं आणि बेटावरच्या किल्ल्याभोवती गोल काढला. "इथे किलोमीटर नाही बघायचे. ओहोटी बघायची."

दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. समोर हाकेच्या अंतरावर दिसणारं गाव खाडीला वळसा घालून गाठायचं तर तासभर सहज जातो. फेरीबोट असेल तर शेवटची किती वाजता, हे सकाळीच विचारून ठेवायचं, संध्याकाळी धक्क्यावर पोचून नाही.

ओहोटीचं तर वेगळंच. ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. बहुतेक किनाऱ्यांवर भरती आणि ओहोटीत सहा तासांचं अंतर असतं, त्यामुळे आज १० वाजता जिथून चालत गेलात तिथे आठवड्याने १० वाजता भरती आलेली असते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त आत हटतं खरं, पण तेवढ्याच वेळात जास्त चढतंही. वाळूवर सेल्फी काढत बसणाऱ्यांना हे कोण सांगणार?

भाच्याने रात्री कागद नव्याने लिहायला घेतला. किल्ल्याचा दिवस बदलला, एक दिवस चक्क कोरा सोडला.

तुम्ही आधी कुठली वेळ लिहिता, जायची की यायची?