सोनं ते सोनं, मग हे महाग का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टर ह्या सराफी भागात माझं दागिने घडवण्याचं छोटं वर्कशॉप आहे. मंगळसूत्राच्या वाट्या हातात घेऊन जवळजवळ प्रत्येक मराठी गिऱ्हाईक हेच म्हणतं, "सोनं ते सोनं. हॉलमार्क ह्यावर आहे, त्यावरही आहे. मग हे फेअरट्रेडवालं महाग का?" फेअरट्रेड म्हणजे खाणकामगाराला रास्त मोबदला मिळाल्याचा ठसा.

हॉलमार्क कस सांगतो. इथलं अॅसे ऑफिस, म्हणजे कस तपासणारी कचेरी, १७७३ पासून दागिन्यावर जहाजाच्या नांगराची खूण मारतंय. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. भारतात त्याच्या जोडीला एचयूआयडी हा दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. सोनं कुठून आलं, ते कुणी काढलं, ह्यातलं काही ह्या खुणांत नसतं.

हे मला आजोबांमुळे कळलं. ते विट्याजवळचे, गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे. खानापूर-आटपाडीच्या कोरड्या शेतीतून निघून तिकडची माणसं मूस आणि भट्टी घेऊन देशभर पसरली. आजोबा तमिळनाडूतल्या एका गावात, सराफांच्या गल्लीमागच्या खोलीत सोनं शुद्ध करायचे. नायट्रिक अॅसिडचा तांबूस धूर छपराला चिकटलेला असायचा, आणि आजी त्यांचा सदरा इतर कपड्यांत धुवायची नाही. कुणाच्या पाटल्या, कुणाचं तुटलेलं डोरलं, सगळं एका मुशीत जायचं. सकाळी लगड तयार. त्यात कुणाचं काय होतं हे आजोबांनाही सांगता आलं नसतं. (खोकला मात्र त्यांचा स्वतःचा होता.)

खाणीतही असाच धूर असतो, फक्त पाऱ्याचा. लहान खाणींत दगड कुटून त्यात पारा घालतात. पारा सोन्याचे कण धरतो, मग तो गोळा तापवायचा. पारा उडून जातो, सोनं उरतं. अनेक ठिकाणी हे घरातल्या चुलीवर होतं, पोरं शेजारी बसलेली असताना. माणसाच्या हातून जगाच्या हवेत जो पारा जातो, त्यातला सुमारे ३८ टक्के अशा लहान खाणींतून जातो, असं संयुक्त राष्ट्रांच्या २०१८च्या अहवालात आहे.

ब्रिटनमध्ये फेअरट्रेड सोनं १४ फेब्रुवारी २०११ला विक्रीला आलं. ते पेरूमधल्या सोट्रामीसारख्या, खाणकामगारांनीच उभ्या केलेल्या संस्थांकडून येतं. त्यांना बाजारभावाच्या निदान ९५ टक्के मिळालेच पाहिजेत, आणि वर किलोमागे २,००० डॉलर. शाळा, पाणी, यंत्रं ह्यांवर ते कसे खर्च करायचे हे कामगार ठरवतात. तुमच्या १० ग्रॅमच्या मंगळसूत्रात हा वाटा फार तर २० डॉलर होतो. बाकीचा फरक तपासणीचा, आणि हे सोनं इतर सोन्यापासून वेगळं राखण्याचा. तो थोडा नाही, हे कबूल.

ह्याला निर्मळ सोनं म्हणू नका. पाऱ्यावर पूर्ण बंदी नाही. घरात किंवा उघड्यावर तापवायला मात्र मनाई आहे, वाफ बंद भांड्यात धरावी लागते. मला हे पटतं, कारण पारा आजच सोडा म्हटलं तर तो माणूस खाण सोडत नाही, चोरून तापवतो.

"मग रिसायकल्ड घेऊ का?" हा पुढचा प्रश्न. त्या शब्दाची मला थोडी चीड आहे. सोनं कधी कुणी कचऱ्यात टाकलंय? जुन्या दागिन्यांना आपण मोड म्हणतो आणि पिढ्यान्‌पिढ्या सोनाराकडे घालतो, त्याची कधी कुणी पाटी लावली नाही. आईच्या पाटल्यांची मोड घालून मुलीचं मंगळसूत्र करायचं असेल तर मी आनंदाने करते. पण नुसत्या 'रिसायकल्ड' लेबलासाठी कुणी जादा पैसे देत असेल, तर त्यातलं खाणीतल्या माणसाला काहीच मिळत नाही हे त्याला माहीत असावं.

एकच अडचण आहे. मोड आणि फेअरट्रेड एका मुशीत घालता येत नाहीत. घातलं की फेअरट्रेडचा ठसा गेला. परवाच एका जोडप्याने दोन वाट्यांवर तोडगा काढला: माहेरची वाटी आजीच्या तोड्यांतून, सासरची पेरूच्या सोन्याची. दोन्हींचा रंग जुळवताना तांब्याचं प्रमाण मला तीनदा बदलावं लागलं.