शेवेलचं ३५० कंपनीच्याच पार्टांवर बांधलं

मिशिगनमधल्या माझ्या गॅरेजात १९७० ची शेवरोले शेवेल आली, तेव्हा तिचं ३५० घन इंचांचं व्ही-८ निळा धूर सोडत होतं. ओळखीचे सगळे म्हणाले, तयार नवं इंजिनच आण. मला ते नको होतं. पन्नास वर्षांपूर्वी कंपनीने ओतलेला ब्लॉक, क्रँक, हेड आणि घडीव पोलादी रॉड जागेवर असताना ते भंगारात का टाकायचे?

शिरोलीच्या फाउंड्रीत चार वर्षं काढल्यामुळे कास्टिंगवरचे आकडे आधी वाचायची सवय आहे. ब्लॉकवर ३९७००१० सापडला. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, ब्लॉकमध्ये धरून ठेवतात त्या मेन कॅप. या नंबरचे ब्लॉक दोन बोल्टच्या मेन कॅपचे असतात तसे चारचेही, त्यामुळे ऑइल पॅन उतरवल्याशिवाय खरं कळत नाही. माझा दोनचा निघाला. ५,५०० आरपीएमच्या आत चालणाऱ्या रस्त्यावरच्या गाडीला तो पुरून उरतो, यावर मी ठाम आहे.

तेल ओढणाऱ्या जाळीत मात्र प्लॅस्टिकचे तुकडे अडकले होते. आवाज कमी व्हावा म्हणून त्या काळी कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) गिअरला नायलॉनचे दात असत. जुने झाले की ते ठिसूळ होऊन झडतात, जाळी तुंबते आणि बेअरिंगं कोरडी पडतात. कंपनीचा असला तरी हा पार्ट ठेवायचा नाही. लोखंडी दातांचा गिअर आणि नवी चेन घेतली.

सिलिंडरचं बोअरिंग ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), क्रँकचं ग्राइंडिंग १० थाऊ. रॉडना तडे नाहीत हे तपासून घेतलं, रॉडचे बोल्ट नवे घातले. मशीन शॉपवाल्याने ब्लॉक धुवून दिल्याचं सांगितलं आणि मी विश्वास ठेवला.

मग प्लॅस्टिगेजची मेणासारखी बारीक दोरी ठेवून, कॅप ७० फूट-पौंडांवर आवळून मेन बेअरिंगांची फट मोजली. जर्नलच्या, म्हणजे क्रँकचा बेअरिंगात फिरणाऱ्या भागाच्या, दर इंच व्यासाला साधारण एक थाऊ, म्हणजे इथे अडीचच्या आसपास हवी. चार ठिकाणी दोन ते अडीच आली. तिसऱ्याला जेमतेम एक! रात्री अकरा वाजता कॅप पुन्हा खोलली. बेअरिंगच्या पाठीमागे केसाएवढा लोखंडाचा कीस चिकटलेला. तसंच बांधलं असतं तर क्रँक गेला असता. दुसऱ्या दिवशी सगळं उतरवलं, ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढले आणि साबणाच्या पाण्याने, लांब ब्रशने, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत ब्लॉक धुतला. नवं बेअरिंग घालून मोजलं, सव्वादोन. त्या आकड्याने जो आनंद झाला तो गाडी सुरू झाली तेव्हाही झाला नाही.

हेडच्या बोल्टांची भोकं थेट पाण्याच्या जागेत उघडतात, म्हणून आट्यांना सीलंट लावून तीन टप्प्यांत ६५ फूट-पौंडांवर आणले. सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवला, क्रँक हळूहळू वळवत, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या सोळाही रॉकरांवर तेल दिसेपर्यंत. नव्या कॅमसाठी जस्त जास्त असलेलं तेल भरलं आणि पहिली २० मिनिटं इंजिन २,००० आरपीएमच्या खाली येऊ दिलं नाही.

५०० मैलांनी फिल्टर कापून कागद उलगडला. चमकणारा एकही कण नाही. गरम इंजिनाला दर १,००० आरपीएममागे १० पौंड दाब हवा असं जुने मेकॅनिक मानतात. माझा काटा ३,००० ला ४५ दाखवतो. वॉटर पंपाकडून एखादा थेंब येतोय, ते गॅस्केट या शनिवारी बदलायचंय.