बोगोता: मोन्सेरातेच्या पायऱ्या आणि पन्नास हजारांची नोट

कोलंबियाची राजधानी बोगोता, आणि तिच्या शेजारचा डोंगर मोन्सेराते. तो पायी चढायचा असेल तर बोगोतात उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी अजिबात चढू नका. हॉटेलच्या काउंटरवरचा मुलगा आम्हाला म्हणाला होता, "पाऊण तास, फार तर एक तास." तो तिथेच जन्मलेला, त्याला काय! आम्हाला दोन तासांच्या वर लागले, आणि आम्ही काही घरात बसून राहणाऱ्यातल्या नाही. मी आणि मैत्रीण दोघीही पावसाळाभर सह्याद्रीत हिंडतो.

हिशेब साधा आहे. कळसूबाई १६४६ मीटर. बोगोता शहरच २६४० मीटरवर वसलेलं. म्हणजे विमानतळावर बॅगेची वाट बघत उभे असता तेव्हाच महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच टोकाच्याही हजारेक मीटर वर पोचलेले असता. मोन्सेरातेचा माथा ३१५२ मीटरवर. पायथ्यापासून चढ पाचशे मीटरच्या आतबाहेर, वाट अडीच किलोमीटरच्या आसपास आणि सगळी फरसबंदी. कागदावर यात घाबरण्यासारखं काही नाही, म्हणून तर सगळे फसतात. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊणपट असतो, आणि वर जाल तसा आणखी घटतो. पाय दुखतच नाहीत, दम संपतो. वीस पायऱ्या, थांबा. पुन्हा वीस पायऱ्या, पुन्हा थांबा. मैत्रीण मधेच कठड्याला टेकून म्हणाली, "अगं, डोकं ठणकतंय, पण दमल्यासारखं वाटत नाहीये." तो उंचीचा त्रास होता, हे वर पोचल्यावर कळलं.

आमच्या शेजारून एक आजी स्वेटर घालून, हातात जपमाळ घेऊन, न थांबता गेल्या. वर देवळात पडलेल्या ख्रिस्ताची मूर्ती आहे, तिच्या नवसाला लोक कित्येक पिढ्या हा डोंगर चढतात. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात काही जण गुडघ्यांवर चढतात म्हणे. त्या आजींकडे बघून आम्ही विषय सोडून दिला.

आता सल्ला. पहिले दोन दिवस शहरात सपाटीवर घालवा, भरपूर पाणी प्या, दारू नको. मग शनिवारी किंवा रविवारी सकाळी सातच्या आत चढायला लागा. गर्दीचा वैताग येतो, पण या वाटेवर गर्दी हेच संरक्षण. आठवड्यातल्या इतर दिवशी वाट ओस असते आणि लूटमारीच्या घटना होतात. मंगळवारी पायवाट बंद असते. दुपारी एकनंतर पायी वर सोडत नाहीत. उतरताना मात्र सरळ फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे) किंवा रोपवे घ्या. फ्युनिक्युलर १९२९ पासून आहे, रोपवे १९५५ पासून. रविवारी तिकीट स्वस्त, म्हणून रांग अफाट. पायऱ्या उतरून गुडघे कामाला लावण्यापेक्षा त्या रांगेत उभं राहिलेलं परवडतं.

डोंगरापेक्षा मोठा धोका पायथ्याला आहे. मोन्सेरातेच्या स्थानकापासून खाली लास आग्वास बसस्थानकाकडे जाणारा रस्ता नकाशावर दहा-पंधरा मिनिटांचा दिसतो. उतार आहे, शेजारी विद्यापीठ आहे, वाटतं चालत जाऊ. जाऊ नका. पायथ्याच्या पोलिसानेच आम्हाला थांबवलं, माझ्या हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. ॲपवरून गाडी बोलवा आणि ती येईपर्यंत तिकीटघराच्या आत उभे राहा.

ॲपवरूनच बोलवा, असं का म्हणते ते सांगते. एका रात्री आम्ही घाईत समोर आलेली पिवळी टॅक्सी घेतली. मीटर चालू होता, भाडं पंधरा हजार पेसोंच्या आत झालं. हजार ऐकून दचकू नका, गेली काही वर्षं डॉलरला चार हजारांच्या आसपास पेसो मिळतात. मी पन्नास हजारांची नोट दिली, लेखक गार्सिया मार्केसचं चित्र असलेली जांभळी. चालकाने ती मांडीजवळ खाली नेली, दिव्याखाली धरली, अंगठ्याने चोळली आणि "फाल्सा, फाल्सा" (खोटी, खोटी) म्हणत परत केली. परत आलेली नोट गुळगुळीत होती, माझी होती ती करकरीत. सकाळीच बँकेच्या एटीएममधून काढलेली! भांडायला स्पॅनिश हवं, आणि रात्रीच्या वेळी अनोळखी गल्लीत भांडूही नये. दुसरी नोट दिली, उतरलो. हजार-अकराशे रुपयांचा फटका. रकमेपेक्षा त्याचा निगरगट्ट चेहरा जास्त लागला.

ही चलाखी तिथे जुनी आहे. उपाय दोनच. मोठी नोट सुपरमार्केटमध्ये मोडा आणि टॅक्सीत सुटेच द्या. मोठी द्यावीच लागली तर देण्याआधी क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे त्याच्यादेखत मोठ्याने वाचा. पुढच्या वेळी मी मराठीतूनच वाचले, तरी चालकाने मुकाट्याने सुटे परत दिले.

बाकी शहर सोपं आहे. डोंगर कायम पूर्वेला. काये म्हणजे आडवे रस्ते डोंगराकडे जातात, कारेरा डोंगराला समांतर. एवढं ध्यानात ठेवलं की चुकायला होत नाही. सोन्याचं संग्रहालय बघाच, सोमवारी बंद. मुइस्का या तिथल्या मूळ रहिवाशांचा तो इवलासा सोन्याचा तराफा अंधाऱ्या खोलीत ठेवलाय, त्याच्यासमोरून हलवत नाही. चित्रकार बोतेरोचं संग्रहालय फुकट, मंगळवारी बंद. रविवारी सकाळी सात ते दोन शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद करून सायकलवाल्यांना देतात. हे १९७० च्या दशकापासून चालू आहे. पुण्याच्या माणसाने ते बघून फक्त उसासा टाकावा.

सिपाकिराच्या मिठाच्या खाणीतलं चर्च सगळे सांगतात. माझं मत: हातात तीनच दिवस असतील तर सोडा. जाण्यायेण्यात दिवस जातो आणि आत रंगीत दिव्यांचा इतका मारा आहे की मीठ बघायचं राहून जातं. त्यापेक्षा पालोकेमाओ मंडईत सकाळी जा आणि फळं खा. लुलो, ग्रानादिया, फेइजोआ. भाव आधी विचारा, चाखायला म्हणून कापलेल्या फळाचेही पैसे लावतात.

शाकाहारी मंडळींनी "सिन कार्ने" (मांस नको) एवढंच म्हणून भागत नाही, कोंबडी येतेच. प्रसिद्ध आहियाको सूपमध्येही ती असते. "सिन पोयो" (कोंबडी नको) वेगळं म्हणायचं. थंडी वाजली की आग्वापानेला मागवा, म्हणजे गुळाचं गरम पाणी. सोबत चीजचा तुकडा देतात, तो त्यात बुडवायचा. ऐकायला विचित्र, पण चढून आल्यावर त्याच्याइतकं बरं काही लागलं नाही. दुपारच्या पावसासाठी पातळ जॅकेट आणि सकाळच्या उन्हासाठी सनस्क्रीन, दोन्ही एकाच पिशवीत. हवा गार असते म्हणून ऊन कळत नाही, माझ्या नाकाची साल निघाली.

आणि भारतातून जाणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, जे आमच्या एजंटने सांगितलंच नाही. बोगोता शहरात पीतज्वराचा (यलो फीवर) धोका नाही, पण कोलंबिया देश भारत सरकारच्या यादीत आहे. परत येताना पीतज्वराच्या लशीचा पिवळा दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य धरतात आणि ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते. तिकीट काढलंत की आधी लशीची तारीख घ्या, हॉटेल नंतर बघा.