काहीच मारत नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून

घरची द्राक्षबाग नैसर्गिक पद्धतीनं करतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे तुम्ही काहीच मारत नाही?" मारतो. गंधक मारतो, आणि दमट हवा लागूनच राहिली तर नाइलाजानं बोर्डो हे तांब्याचं औषधही मारतो. हे ऐकून काहींचा चेहरा पडतो. वेली लावल्या आणि हातावर हात ठेवून बसलो, अशी काहीशी त्यांची कल्पना असते.

द्राक्षाच्या बाबतीत ते जमत नाही आणि त्याला कारण आहे. पानांवर-मण्यांवर पांढरी पूड धरणारी भुरी आणि पानांवर पिवळट डाग पाडणारा केवडा, हे दोन्ही रोग मूळचे उत्तर अमेरिकेतले. तिथल्या रानवेलींना ते अंगवळणी पडलेले. बहुतेक बागांतल्या युरोपीय जातीची मात्र त्यांच्याशी कधी गाठच पडली नव्हती. एकोणिसाव्या शतकात आधी भुरी युरोपात पोचली, मग मुळांवर जगणारी फायलॉक्सेरा नावाची कीड, आणि १८७८च्या सुमारास केवडा. फायलॉक्सेरावर अमेरिकी खुंटावर, म्हणजे तिथल्या वेलीच्या मुळाच्या भागावर, कलम करण्याचा तोडगा निघाला. आमच्याही वेली खुंटावरच आहेत. केवड्यासाठी मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ साली जगापुढे आणलं. तेच बोर्डो. सेंद्रिय शेतीच्या नियमांत ते बसतं, पण त्यातलं तांबं जमिनीत साठत जातं. युरोपीय संघानं त्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली, ती उगाच नाही. नियमात बसतं म्हणून मारत सुटायचं, हे मला पटत नाही.

मग कमी कसं मारायचं? खरं उत्तर लागवडीआधीच द्यावं लागतं. निचरा कसा आहे, ओळींतून वारा आरपार जाईल का, दोन ओळींत अंतर किती. आमच्याकडे यावरून घरातच जुंपली होती. बाबांना तेवढ्याच जागेत जास्त वेली बसवायच्या होत्या, ताई अंतरावर अडून बसली. ताईचं चाललं, आणि बागेची निम्मी औषधं तिथेच वाचली असं माझं मत आहे. पहिली दोन वर्षं आलेले घड काढून टाकले, म्हणजे खोड आणि मुळं भरतात. हे घरच्यांच्या गळी उतरवणं लागवडीपेक्षा अवघड.

पुढचं सगळं काम हातांचं. मणी धरले की घडाभोवतालची पानं काढायची, तीही सकाळचं ऊन येतं त्या बाजूची. दुपारच्या बाजूची काढली तर मणी भाजतात. पानांच्या बगलेतून निघणाऱ्या फुटी, म्हणजे बगलफुटी, वेळेवर खुडायच्या. पाऊस होऊन गेला की पानं उलटून बघत फिरायचं. वरून तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट डाग दिसला तर ते पान ओलसर कागदासोबत पिशवीत घालून रात्रभर बंद ठेवायचं. सकाळी डागाच्या मागच्या बाजूला पांढरी लव आली तर केवडा. नाही आली तर पंप बाहेर काढायची घाई करत नाही. गंधकाचंही तसंच: भुरी दिसायच्या आधी मारलं तर उपयोग, आणि कडक उन्हात मारलं तर पानं करपतात.

वेलीचा रस शोषणारा, पांढरं पीठ माखल्यासारखा पिठ्या ढेकूण दिसला की लोक ढेकणामागे लागतात. आम्ही मुंग्यांमागे लागतो. ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना जवळ फिरकू देत नाहीत. खोडाला चिकट पट्टी बांधून मुंग्यांची वाट अडवली की ढालकिडे आपलं काम करतात. पट्टीला पूल होईल असं गवत मात्र खोडाशी वाढू द्यायचं नाही, नाहीतर मुंग्या त्यावरून वर चढतात.

जुनी बाग अशी वळवायची असेल तर सगळी एकदम नको. जिथे वारा चांगला खेळतो तेवढ्या ओळी आधी घ्या, आणि त्या बघायला घरातलं कोण रोज जाणार ते आधी ठरवा.