तिसऱ्या सिलिंडरचा ओला व्हॉल्व्ह

ती गाडी माझ्या गॅरेजमध्ये आली तेव्हा तिच्यावर तीन दुरुस्त्या आधीच होऊन गेल्या होत्या. ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या चारही कॉइल नव्या होत्या, ठिणगी पाडणारे चारही प्लग नवे होते आणि तिसऱ्या सिलिंडरचा पेट्रोल फवारणारा इंजेक्टरही नवा होता. तरीही रोज सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिन अर्धा-पाऊण मिनिट मिसिंग करायचे, म्हणजे मध्येच एखादा स्फोट चुकून थरथरायचे, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा आणि इंजिन जरा तापले की सगळे सुरळीत व्हायचे. गाडी युरोपीय बनावटीची सेडान, दहा वर्षांहून जुनी, इंजिन १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनचे. मालकीणबाई डॉक्टर आहेत. घर कोल्हापूरच्या राजारामपुरीत आणि दवाखाना शाहूपुरीत, त्यामुळे गाडी दिवसातून चार वेळा दोन-दोन किलोमीटर चालते आणि बहुतेक वेळा इंजिनला पूर्ण ताव येण्याआधीच बंद होते.

स्कॅनरवर कोड आला पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. हा कोड म्हणजेच निदान, असे समजून पार्ट बदलत सुटण्याची जी पद्धत आमच्या व्यवसायात रूढ झाली आहे तिची मला मनापासून चीड येते. सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटानंतर क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याचा, वेग किंचित वाढतो. एखाद्या सिलिंडरच्या पाळीला तो वाढला नाही, की सेन्सरच्या आधारे कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्या सिलिंडरच्या नावे एक मिसफायर मोजते. स्फोट कुठे झाला नाही एवढेच त्याला कळते. का झाला नाही, हे शोधणे माणसाचे काम आहे. दिवा नुसता पेटण्याऐवजी लुकलुकतो तेव्हा तर घाई करायलाच हवी, कारण न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकते.

बाहेरच्या माणसाला सहसा कल्पना नसते ती अशा तपासणीला लागणाऱ्या वेळेची. दोष फक्त थंड इंजिनात दिसत असल्यामुळे प्रत्येक चाचणीसाठी गाडी रात्रभर उभी ठेवावी लागते. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावून पाहायची तर एक रात्र जाते आणि प्लगची अदलाबदल करायची तर आणखी एक. दोन्ही वेळा मिसफायरचे आकडे तिसऱ्याच्याच नावे वाढत राहिले, म्हणजे ठिणगीचा दोष नव्हता. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, जवळजवळ सारखे आले आणि सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजली तीही सारखीच निघाली. इंधनाचे ट्रिम, म्हणजे कंट्रोल युनिट पेट्रोलच्या मात्रेत करते ती दुरुस्ती, ठीक होते, इंजेक्टर नवा होता. राहिली ती आत येणारी हवा. प्लगच्या भोकातून वाकत्या टोकाचा बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत घातला, क्रँक हळूहळू फिरवून हवा आत सोडणारा इनटेक व्हॉल्व्ह उघडला आणि कॅमेऱ्याचे टोक मागे वळवले, तेव्हा व्हॉल्व्हच्या पाठीवर साचलेला काळा डोंगर स्क्रीनवर दिसला.

हा कार्बन इथे का साचतो, हे डॉक्टरबाईंना मी कागदावर आकृती काढून समजावले. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हकडे हवा नेणाऱ्या वाटेत, फवारले जाते आणि व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहत सिलिंडरमध्ये जाते. त्यातल्या डिटर्जंटमुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतला जातो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते, व्हॉल्व्हच्या पाठीला त्याचा थेंबही लागत नाही. तिकडे येते ती फक्त हवा आणि तिच्यासोबत क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पोकळीतून, परत घेतलेल्या वाफेतले तेल. ते तेल तापलेल्या व्हॉल्व्हवर भाजून थरावर थर चढवते. बंबाच्या नळकांड्यावरची काजळी बोटाने पुसली जाते; ही नखाने खरवडूनही सुटत नाही.

हे तंत्र तसे जुने आहे. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये ते होते आणि १९९६ मध्ये मित्सुबिशीने ते इलेक्ट्रॉनिक नियंत्रणासह रोजच्या वापरातल्या मोटारीत आणले. टोयोटाने २००५ पासून काही इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर दिले, एक आत आणि एक पोर्टमध्ये; पोर्टमधल्या फवाऱ्यामुळे व्हॉल्व्ह स्वच्छ राहायलाही मदत होते. आपल्याकडच्या रस्त्यांवर जीडीआय, टीजीडीआय, टीएसआय अशी डायरेक्ट इंजेक्शनची अक्षरे मिरवणाऱ्या गाड्या झपाट्याने वाढल्या आहेत, पण त्यांच्या मालकांना ही साधी गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत असेल असे मला वाटत नाही.

बाईंनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, हे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे झाले का? हल्ली कोणत्याही बिघाडाचे खापर त्याच्यावर फुटते. त्या पेट्रोलचे इतर परिणाम काहीही असोत, जे पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीपर्यंत पोहोचतच नाही त्याने तिथे हा थर साचवला असे म्हणता येणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी टाकीत ओतलेल्या क्लीनरच्या बाटल्या. उत्तर तेच होते, फक्त उलट बाजूने: जे पेट्रोल तिथे पोहोचत नाही त्यात मिसळलेले औषधही तिथे पोहोचत नाही. त्याने इंजेक्टरचे तोंड साफ राहील, पण व्हॉल्व्हची पाठ साफ होणार नाही. तासाभरात इंजिन डीकार्ब करून, म्हणजे आतला कार्बन काढून, देण्याच्या ज्या जाहिराती जागोजागी दिसतात त्यांच्याबद्दल माझे मत कडक आहे. हायड्रोजनच्या यंत्राने डीकार्ब करून आलेल्या गाड्यांचे व्हॉल्व्ह मी कॅमेऱ्याने पाहिले आहेत आणि घट्ट बसलेला थर मला जागच्या जागीच दिसला आहे. पैसे घेण्याआधी आणि घेतल्यानंतर व्हॉल्व्हचा फोटो दाखवणे बंधनकारक केले, तर यातली निम्मी दुकाने बंद होतील.

कामाचा दिवस उजाडला तो जुलैतला, आणि कोल्हापूरच्या जुलैत अक्रोडाच्या ब्लास्टिंगचे, म्हणजे दाबाच्या हवेने दाणा मारून थर फोडण्याचे, काम करणे ही वेगळी परीक्षा असते. या कामासाठी अक्रोडाच्या टरफलांचा सुमारे एक मिलिमीटरचा दाणा वापरतात. तो कार्बन फोडण्याइतका कठीण असतो, पण व्हॉल्व्हच्या पोलादाला आणि हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) ॲल्युमिनियमला ओरखडा पाडण्याइतका नसतो. उद्यमनगरात माझ्या आजूबाजूला फाउंड्रीची कामे चालतात, वाळूने आणि पोलादी छऱ्यांनी कास्टिंग साफ करणे तिथे रोजचे आहे. शेजारच्या एका जाणत्या कारागिराने मला काचेच्या मण्यांचे ब्लास्टिंग मोफत करून देण्याची तयारी आपुलकीने दाखवली होती. त्यांना मी नम्रपणे नकार दिला. काचेचा एक मणी जरी आत राहिला, तरी पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीच्या मध्ये सापडून तो कायमची रेघ ओढतो. अक्रोडाचा चुकून राहिलेला कण जळून जातो. अर्थात, म्हणून तो आत राहू द्यायचा असतो असे नाही.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असते, दाणा दमट होतो आणि बंदुकीच्या नळीत गोळा होऊन अडकतो. म्हणून आदल्या रात्री दाणा पत्र्याच्या ट्रेमध्ये पसरून हीटरखाली वाळवला, टाकीतले पाणी काढून टाकले आणि लाइनवर पाणी पकडणारे दोन फिल्टर लावले. सकाळी इंधनाच्या हाय प्रेशर लाइनचा दाब उतरवण्यापासून सुरुवात केली. या इंजिनात इंधनाचा दाब १५० बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा) जातो आणि गाडी बंद केल्यावरही तो लगेच उतरत नाही, ही गोष्ट माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या दिवशी सांगतो. मग चारही सिलिंडरना हवा वाटून देणारा मॅनिफोल्ड उतरवला. त्यातल्या हवेच्या पाकळ्यांवरही चिकट काजळी होती, ती वेगळी साफ केली.

व्हॉल्व्ह पूर्ण बंद असल्याशिवाय त्या पोर्टमध्ये एकही दाणा मारायचा नसतो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमधल्या स्फोटांचा क्रम, १-३-४-२ असल्यामुळे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, जिथे त्याचे व्हॉल्व्ह बंद असतात, आणून सुरुवात केली, की क्रँक अर्धा-अर्धा फेरा फिरवत एकेका सिलिंडरची पाळी येते. तरीही मी केवळ हिशोबावर विसंबत नाही. पोर्टमध्ये थोडे क्लीनर ओतून पातळी खाली जाते का ते पाहतो. पातळी स्थिर राहिली तरच व्हॉल्व्ह बंद मानतो, मग ते क्लीनर ओढून घेऊन पोर्ट हवेने पूर्ण कोरडा करतो. पोर्टच्या तोंडावर ॲडॉप्टर बसवून एका बाजूने व्हॅक्यूम क्लीनर लावायचा आणि दुसऱ्या बाजूने सहा-सात बारच्या हवेने दाणा मारायचा, नळीचे टोक फिरवत राहायचे, कारण व्हॉल्व्हच्या दांड्याच्या मागची बाजू सरळ फवाऱ्याला सापडत नाही. दोन-तीनदा थांबून कॅमेऱ्याने पाहायचे, कोपऱ्यातला हट्टी थर पितळी ब्रशने सोडवायचा आणि पुन्हा दाणा मारायचा. सगळे पोर्ट झाल्यावर पुन्हा हवा, पुन्हा व्हॅक्यूम, पुन्हा कॅमेरा. पोर्ट झाकायला किती फडकी कोंबली आणि किती बाहेर आली याचा हिशोब मी फळ्यावर लिहून ठेवतो.

ब्लास्टिंगला हात घालण्याआधी आठही इनटेक व्हॉल्व्हचे फोटो काढले आणि तिथेच हे प्रकरण नेहमीपेक्षा वेगळे निघाले. सात व्हॉल्व्हवरचा थर कोरडा, करडा-काळा आणि भेगाळलेला होता. तिसऱ्या सिलिंडरच्या दोनपैकी एका व्हॉल्व्हवरचा थर मात्र दुपटीने जाड, चकचकीत आणि ओला होता, आणि त्याचा ओलेपणा दांड्याच्या वरच्या टोकाकडून खाली उतरलेला दिसत होता. क्रँककेसच्या वाफेतले तेल साधारणपणे सगळ्यांना वाटून मिळते. एकाच व्हॉल्व्हला जास्त तेल मिळत असेल तर पहिला संशय त्याच्या स्टेम सीलवर, म्हणजे दांड्यावरून तेल खाली उतरू न देणाऱ्या रबरी टोपीवर, जातो. हा सील झिजला तरी कॉम्प्रेशन आणि गळतीच्या चाचण्या चांगल्याच येतात, कारण तो ज्वलनकक्षाच्या बाहेर, दांड्यावर बसतो. मिसफायर एकाच सिलिंडरला का होता याचेही उत्तर त्यात होते. थंड स्टार्टनंतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून कंट्रोल युनिट ठिणगी मुद्दाम उशिरा देते; त्या काळात ज्वलन आधीच काठावर असते आणि एका बाजूने हवा कोंडली की ते विझते.

पण सील गेल्याची बाकीची लक्षणे नव्हती. स्टार्टला निळा धूर येत नव्हता. तेलाचा खप किती, हे बाईंना सांगता येत नव्हते, कारण त्यांनी डिपस्टिक कधी पाहिलेलीच नव्हती. क्रँककेसमधली वाफ परत घेणाऱ्या व्हेंटिलेशनचा पडदा शाबूत होता. आणि जो पुरावा सर्वांत उपयोगी पडला असता, तो तिसऱ्या सिलिंडरचा जुना प्लग, आधीच्या वर्कशॉपने फेकून दिला होता. बदललेला पार्ट ग्राहकाच्या हातात द्यावा, ही रीत पूर्वी छोट्यातल्या छोट्या गॅरेजात पाळली जायची. वातानुकूलित वेटिंग रूम असलेल्या ठिकाणी ती नाहीशी व्हावी, याचे मला वाईट वाटते. त्या प्लगवर तेलाची राख असती तर वादच उरला नसता.

माझ्याबरोबर काम करणारा पुतण्या हुशार आहे आणि त्याचे म्हणणे स्पष्ट होते: गाडी उघडलीच आहे, सीलचे कामही आत्ताच सांगावे. माझे म्हणणे वेगळे होते. सीलसाठी वरचे कव्हर आणि व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट काढावे लागतात, सिलिंडरमध्ये हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवावा लागतो. मॅनिफोल्ड उतरवलेला असण्याचा त्यात फारसा फायदा नाही. शिवाय या बाईंनी तीन वेळा लोकांच्या संशयापोटी पैसे मोजले होते. चौथा संशय मी विकायचा का, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. मी त्यांना फोटो दाखवले, दोन्ही शक्यता सांगितल्या आणि आत्ता सफाई करून काही महिन्यांनी पुन्हा कॅमेरा घालावा, असा सल्ला दिला. त्यांनी डॉक्टरला शोभेल असा प्रश्न विचारला, “म्हणजे मिस्त्री, आज तुम्ही लक्षण घालवताय, आजार नाही?” मी म्हणालो, “मॅडम, सात व्हॉल्व्हच्या बाबतीत तसेच आहे, थर कधी ना कधी पुन्हा येणार. आठव्याचा आजार कोणता आहे, हे मला अजून सिद्ध करायचे आहे.”

संध्याकाळी इंजेक्टरना नव्या टेफ्लॉन रिंगा बसवल्या आणि नवी गॅस्केटे लावून गाडी बांधली. दुसऱ्या दिवशीच्या थंड स्टार्टला चारही सिलिंडरचे मिसफायरचे आकडे शून्यावर राहिले. गरम होण्याआधी एकदाही न थरथरणारे ते इंजिन ऐकताना जे समाधान वाटले ते या धंद्यात रोज मिळत नाही.

दिवाळीनंतर गाडी पुन्हा आली. तक्रार काहीच नव्हती, ठरल्याप्रमाणे तपासणीसाठी आली होती. प्लगच्या भोकातून पाहिले तर तिसऱ्याच्या त्याच व्हॉल्व्हच्या पाठीवर ओली चकाकी पुन्हा आली होती आणि पाहिलेले बाकीचे व्हॉल्व्ह कोरडे होते. पुतण्या म्हणतो, हे जुलैतच दिसत होते. दिसत होते हे मलाही मान्य आहे. पण दिसणे आणि पटवून देता येणे यांच्यामध्ये किती अंतर ठेवायचे, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. वाट पाहिल्याने सफाईचा काही भाग पुन्हा करावा लागणार हे खरे, आणि ज्या बाईंना तीनदा चुकीचे काम विकले गेले होते त्यांना आज दोन फोटो शेजारी-शेजारी ठेवून खात्री देता आली, हेही खरे.

सीलचे काम आता ठरले आहे. जुना सील काढल्यावर व्हॉल्व्ह थोडा खाली घेऊन आडवा हलवून पाहणार आहे, कारण दांडा ज्यातून सरकतो तो गाइडच झिजला असेल तर नवा सील फार टिकणार नाही आणि हेड उतरवावे लागेल. तो खर्च किती येईल, हे मॅडमना आधीच लिहून दिले आहे. काढलेले सील आणि तिसऱ्याचा प्लग पिशवीत घालून त्यांच्या हातात द्यायचे, हे पुतण्याने स्वतःहून जॉबकार्डवर लिहिले आहे.