चार्ज घेताना

आमच्या संस्थेतली तीन जुनी माणसं एकाच वर्षात निवृत्त होणार होती. देखभालीचे काका, भाड्याचा हिशेब बघणाऱ्या ताई आणि घरवाटप सांभाळणाऱ्या मॅडम. तिघांचीही नोकरी पंचवीस वर्षांच्या पुढची. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडेल अशा भाड्याने घरं द्यायची आणि ती नीट चालवायची, एवढंच आमचं काम. नफा काढायचा नसतो, त्यामुळे पगारही बेताचे. तरी ही माणसं टिकली. त्यांच्याकडून चार्ज घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

ऑफिसचा चार्जचा नमुना ठरलेला होता. किल्ल्या, कपाटं, फाइलींची यादी, पासवर्ड, खाली देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. तिघांनी तो एका दुपारीच भरून दिला. "बाकी सगळं फाइलमध्ये आहे," ताई म्हणाल्या. आणि ते होतंही. फक्त कोणती फाइल कधी उघडायची, हे ताईंच्या डोक्यात होतं.

घर बांधून झालं की बाहेरच्यांच्या लेखी काम संपतं. आमचं तिथून सुरू होतं, आणि ते माणसाच्या नोकरीपेक्षा लांब चालतं. उदाहरणार्थ, अमेरिकेत १९८६च्या कायद्याने परवडणाऱ्या घरांसाठी करसवलतीची योजना आली. त्यात गुंतवणूकदाराला सवलत दहा वर्षांत मिळते, पण अटी पंधरा वर्षं पाळायच्या असतात, आणि १९९० पासूनच्या प्रकल्पांना तर भाडं किमान तीस वर्षं आटोक्यात ठेवावं लागतं. सामुदायिक जमीन-न्यासाच्या, म्हणजे जमीन न्यासाच्याच मालकीची ठेवून वरची घरं परवडणारी ठेवणाऱ्या संस्थेच्या, घरांचे जमिनीचे भाडेपट्टे बहुधा ९९ वर्षांचे असतात. म्हणजे ज्याने सही केली तो करार संपताना ऑफिसात नसणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. तरीही चार्जच्या नमुन्यात "कोणती अट कधी संपते" असा रकानाच नव्हता. आमच्या एका इमारतीच्या कर्जाची अट मॅडमना तोंडपाठ होती: छपरासाठी राखीव निधीतून पैसे काढायचे तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती आधी घ्यायची, काम झाल्यावर नाही. करारात ती मागच्या एका परिशिष्टात आहे. शोधायला बसलात तर सापडते, पण शोधायचं आहे हे कळलं पाहिजे ना!

नमुना बाजूला ठेवून मी काकांबरोबर फिरायला लागले. प्रश्नावली नाही, फक्त फोनवर रेकॉर्डिंग चालू. काकांना "देखभालीची पद्धत काय?" असं विचारलं की ते गप्प. "इथे शेवटचं काय बिघडलं होतं?" असं विचारलं की थांबायचं नाव नाही. एका इमारतीत तिसऱ्या मजल्याचं पाणी बंद करायला चौथ्या मजल्यावरचा कॉक फिरवावा लागतो. नकाशात तसं नाही. फार पूर्वी एक पाइप गळत होता, घाईत लाइन वळवली आणि ती तशीच राहिली. काकांनी कॉकवर हात ठेवून मला दाखवलं: अर्ध्यापर्यंतच फिरवायचा, पुढे जोर केला तर स्पिंडल तुटतो. मी फोटो काढला, कॉकला पत्र्याचा बिल्ला अडकवला, त्यावर नंबर, आणि त्याच नंबराखाली रजिस्टरमध्ये काकांचं वाक्य जसंच्या तसं. "अर्ध्यापर्यंतच." असे बिल्ले आता सगळ्या इमारतींत आहेत. हा भाग कष्टाचा होता, पण अवघड नव्हता. लोखंडाला अब्रू नसते, त्याच्याबद्दल काहीही लिहा.

ताईंचं प्रकरण वेगळं. भाड्याचा हिशेब कधीचाच कॉम्प्युटरवर गेलाय, पण ताईंनी स्वतःचं लांब रजिस्टर सोडलं नव्हतं. त्यात नावांसमोर पेन्सिलीच्या खुणा. छोटा त्रिकोण म्हणजे आठवड्याचा पगार मिळणारा माणूस, त्याच्याकडे महिन्याच्या एक तारखेला तगादा लावून उपयोग नाही. अर्धगोल म्हणजे रात्रपाळी, सकाळी फोन करायचा नाही. थकबाकीबद्दल त्यांचा एक हिशेब मला कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसला नव्हता. "दर महिन्याला चार दिवस उशिरा भरणाऱ्याची काळजी करू नकोस. वर्षानुवर्षं वेळेवर भरणारा एकदा दोन दिवस चुकला की त्याच दिवशी फोन कर." आमची यंत्रणा नेमकी उलटी चालते. उशिरा भरणाऱ्याला ती दर महिन्याला नोटीस पाठवते, आणि वेळेवरच्या माणसाची दोन महिन्यांची बाकी साठेपर्यंत गप्प बसते. तोवर नोकरी गेलेली असते, उसनवारी झालेली असते, आणि हप्ते बांधून द्यायलाही उशीर झालेला असतो.

ताईंचं हे शहाणपण नवीन नाही. लंडनमध्ये गरिबांच्या घरांसाठी काम करणाऱ्या ऑक्टेव्हिया हिल यांनी १८६५ मध्ये पॅराडाइज प्लेसमधली तीन घरं चालवायला घेतली. पैसा लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांचा. त्यांना पाच टक्के परतावा द्यायचा आणि वर उरेल ते घरांवरच खर्च करायचं, असा व्यवहार होता. भाडं दर आठवड्याला घरी जाऊन घ्यायचं, म्हणजे गळकं छप्पर आणि घरातली अडचण दोन्ही वेळेत दिसतात. हे काम करणाऱ्या बायका हिल यांनी शिकवून तयार केल्या, आणि १८७२ पासून १९११ पर्यंत आपल्या सहकाऱ्यांना वर्षाला एक छापील पत्र पाठवलं. काय केलं, पैसे किती, काय जमलं नाही, सगळं त्यात. ही कल्पना मी सरळ उचलली. तिघांनाही म्हटलं, नमुना राहू दे, तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला एक पत्र लिहा. काकांनी दीड पान लिहिलं आणि त्यात जिन्यातल्या एका दिव्याबद्दलच अर्धं पान. ताईंनी वहीच भरली.

वही वाचताना मी अडखळले. कोणाचा नवरा व्यसनातून बाहेर पडतोय, कोणाच्या मुलाला कोणता आजार, कोणी घर सोडून आलेली आणि तिचा पत्ता कुणालाच द्यायचा नाही. हे सगळं लोकांनी ताईंना सांगितलं होतं, संस्थेला नाही. एका तरुण सहकाऱ्याचं म्हणणं, सगळं सॉफ्टवेअरमध्ये चढवा, उद्या उपयोगी पडेल. मला ते पटलं नाही. आज उपयोगी म्हणून लिहिलेलं उद्या घर नाकारायचं कारण होऊ शकतं, आणि वाचणारा माणूस ताई नसणार. शेवटी आम्ही असं ठरवलं की काय करायचं ते लिहायचं, का ते लिहायचं नाही. "सकाळी फोन करू नये" राहिलं, कारण गेलं. "पत्ता कोणालाही सांगू नये, विचारणा आली तर वरिष्ठांना कळवा" हेही राहिलं. बाकीची पानं ताईंनी माझ्यासमोर फाडली. काही कुटुंबांकडे आपल्या जागी येणाऱ्या नव्या मुलीला घेऊन ताई स्वतः गेल्या, ओळख करून दिली आणि म्हणाल्या, हिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. एक-दोघांनी काहीच सांगितलं नाही. ते त्यांच्या मर्जीवर.

सगळ्यात जास्त वेळ मॅडमच्या टेबलावर गेला, आणि वादही तिथेच झाले. घरांची प्रतीक्षायादी स्वच्छ होती, तारीखवार. पण यादीच्या बाहेर मॅडमनी दिलेले शब्द होते. तळमजल्याचं घर रिकामं झालं की वरच्या आजींना देऊ. भावाच्या खोलीशेजारची खोली धाकट्याला. यातलं काहीच कागदावर नव्हतं, आणि एकाही शब्दामागे लबाडी नव्हती. पण रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी सगळ्या शब्दांची यादी करून व्यवस्थापन समितीपुढे ठेवू म्हटलं. मॅडम दुखावल्या. "माझ्या शब्दाची आता चौकशी होणार का?" दोन दिवस बोलल्या नाहीत. मग स्वतःच यादी लिहून आणली, माझ्यापेक्षा लांब.

समितीने वय किंवा आजारपणामुळे खालच्या मजल्यावर बदली मागणाऱ्यांसाठी वेगळी लेखी यादी सुरू केली, तिचे निकष नोटीस बोर्डावर लावले. आजी त्यात आपोआप बसल्या. धाकट्या भावाचं जमलं नाही. ते सांगायला मॅडम स्वतः गेल्या, मला बरोबर येऊ दिलं नाही.

एक गोष्ट समितीला मी तोंडावर सांगितली. माणूस तीस वर्षं टिकला याचा निरोप समारंभात गौरव होतो, पण त्याच्या हाताखाली कोणी नेमलं नाही यातून वाचलेला पगार कोणी मोजत नाही. आता प्रत्येक कामावर दोन माणसं असावीत असा ठराव झालाय. अंमल अर्धाच आहे. अटी संपण्याच्या तारखा मात्र हिशेबात, वाटपात आणि समितीच्या वार्षिक कामकाजपत्रिकेत अशा तिन्ही ठिकाणी चढवल्या आहेत, आणि इशारा पाच वर्षं आधी येतो. अट संपताना घरं परवडणारी ठेवायची तर नवं कर्ज, दुरुस्ती आणि भाडेकरूंशी बोलणी यांना तेवढा वेळ लागतोच.

काकांशी मानधनाचा करार केलाय, महिन्याला ठरावीक तास. ते आधी नको म्हणत होते, एक फोन करायला पैसे कसले. पण फुकट असलं की आम्ही दिवसातून चारदा विचारणार, आणि मग रजिस्टर उघडणार कोण? आता त्यांचा ठरलेला नियम आहे. फोन आला की पहिला प्रश्न त्यांचाच: "बिल्ल्याचा नंबर सांग."